जुन्याला जुने: ठिगळाच्या मूल्यमापनाविषयी

'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील एक प्रसंग आम्ही वेदीवरून कित्येकदा वाचला आहे आणि त्यावर प्रवचनेही दिली आहेत. यापो गावी टबीथा, म्हणजे दुर्कस, नावाची शिष्या मरण पावते. जवळच्या लोद गावी असलेल्या पेत्राला निरोप जातो. तो येऊन माडीवरच्या खोलीत पाऊल टाकतो, तोच गावातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि टबीथाने हयातीत त्यांच्यासाठी केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागतात. प्रवचनकार येथून घाईने पुढच्या चमत्काराकडे वळतो. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच वळत आलो.

आता मात्र आम्हांला वाटते की, त्या खोलीत चमत्काराआधी एक समीक्षा घडते. विधवा टबीथाच्या गुणांचे व्याख्यान करीत नाहीत. त्या शिवण पुढे करतात. मूळ ग्रीक क्रियापदाचे रूप असे आहे की, त्या स्वतःच्या अंगावरचीच वस्त्रे दाखवीत असाव्यात, असे काही भाष्यकार मानतात. हे खरे असेल, तर वस्त्राची परीक्षा कोठे करावी हे त्या निरक्षर विधवांनी आपल्याला शिकविले आहे. ती दुकानाच्या फळीवर करायची नसते, वस्त्र नेसणाऱ्याच्या अंगावर करायची असते. शास्त्रपाठ नवे शिवण्याविषयी बोलतो, सांधण्याविषयी बोलत नाही, हे आम्ही जाणतो. पण विधवांच्या वस्तीत ह्या दोन कामांमध्ये कधी भिंत नसते.

हा विषय आम्ही हाती घेतला तो आमच्या एका चुकीमुळे. पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे वेदीच्या पांढऱ्या वस्त्रावर एकदा मेणबत्ती कलंडून रुपयाएवढे भोक पडले. एका वृद्ध मावशींनी ते वस्त्र घरी नेले आणि आठवड्याने परत आणले. त्याहूनही जुन्या, बाद झालेल्या वेदीवस्त्राच्या काठाचा तुकडा कापून त्यांनी त्या भोकाला खालून ठिगळ लावले होते. पुढे मंदिराचा वर्धापनदिन आला. आम्ही दुकानातून यंत्राच्या भरतकामाचे चकचकीत वस्त्र आणले आणि जुने वस्त्र, पवित्र वस्तूंबाबतच्या प्रथेनुसार, जाळून टाकले. मिस्सानंतर मावशींनी हळूच विचारले, "फादर, ठिगळ दिसत होतं का?" आम्ही म्हणालो, "नाही हो मावशी, मुळीच दिसत नव्हतं." त्यांचे समाधान व्हावे म्हणून आम्ही बोललो. त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. आमचे उत्तर का चुकले, ह्याचा शोध म्हणजे हा लेख.

ठिगळाच्या वाट्याला मराठीत फारसा मान आलेला नाही. एखादी रचना एकसंध नसली की आम्ही तिला 'ठिगळे लावलेली' म्हणतो. संकट आवाक्याबाहेर गेले की आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे म्हणून हात टेकतो. भरतकामाला कला म्हटले जाते, विणकामाला कौशल्य, आणि ठिगळाला मात्र नाइलाज! पण नाइलाजातही चांगले आणि वाईट असते, आणि ते ओळखण्याचे निकष असतात. त्यांतला पहिला निकष खुद्द प्रभू येशूने सांगून ठेवला आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू म्हणतो की, कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी जुन्या वस्त्राला लावीत नाही, कारण ते ठिगळ जुन्याला ओढते आणि फाटलेले अधिक फाटते. ह्या दाखल्याचा धर्मशास्त्रीय अर्थ आम्ही गुरुविद्यालयात शिकलो. नवा करार जुन्या चौकटीत मावत नाही हा त्याचा आशय. परंतु त्याच्या तळाशी असलेले घरगुती ज्ञान आम्हांला तेथे कोणी शिकविले नाही. कोरे कापड पहिल्या धुण्याला आटते. आधीच धुऊन-धुऊन आटलेल्या कापडावर ते शिवले, तर आटताना ते भोवतालचे विरलेले धागे ओढून तोडते. म्हणून जाणती बाई ठिगळासाठी जुनेरच शोधते. ती ठिगळाचा उभा धागा वस्त्राच्या उभ्या धाग्याशी जुळवते. ठिगळ भोकापेक्षा बरेच मोठे घेते, कारण भोकाची कड विरलेली असते आणि टाका धड कापडातच धरतो. टाका ती फार आवळत नाही. नासरेथच्या घरात हे कोणी तरी करीत असले पाहिजे आणि एक मुलगा ते पाहत असला पाहिजे. त्यावाचून असा दाखला सुचत नाही. आमच्या मावशींनी जुन्या वेदीवस्त्राचाच तुकडा घेतला होता. शुभवर्तमान त्यांच्या बोटांत होते.

दुसरा निकष प्रमाणाचा. वस्त्राचे किती आयुष्य उरले आहे हे ओळखून तितकेच काम करणे, ही मोठी कलादृष्टी आहे. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की बायका तो भाग काढून उरलेले तुकडे जोडीत. त्याला 'दंड घालणे' म्हणत. दंडाचे लुगडेही संपले की त्याची गोधडी होई. गोधडीचे तुकडे पडू लागले की बाळाचे दुपटे, आणि अखेरीस पोतेरे. प्रत्येक पायरीवर नेमका निर्णय असे. उन्हाळ्याच्या दुपारी ओटीवर गोधडी पसरली की शेजारणी आपापली सुई घेऊन बसत. चार कोपऱ्यांना चौघी, आणि धावदोऱ्याच्या रांगा घालीत त्या मध्याकडे सरकत. चौघींच्या हातांचे टाके सारखे नसत. नीट पाहिले तर कोणता कोपरा कोणाचा हे ओळखता येई. चांगल्या गोधडीत हा फरक पुसलेला नसतो आणि तरीही गोधडी एक असते. धर्मग्रामाची ह्याहून चांगली व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

ह्या कामात सौंदर्यदृष्टी नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी भगिनींच्या 'कवंदी' पाहाव्यात. आफ्रिकी वंशाच्या ह्या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटाच्या रानात वसले. आज त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथोलिक बंधुभगिनीही आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे धागे आहेत. त्या जुन्या कपड्यांचे तुकडे एका कोपऱ्यापासून कडेकडेने जोडीत आत येतात आणि मध्यावर काम संपवतात. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ऊब देण्यासाठी ह्या फुलांचा काहीच उपयोग नाही. ज्यांच्याजवळ चिंध्यांखेरीज काही नव्हते, त्यांनी गरजेपलीकडचे हे चार तुकडे का लावावेत? कारण ते पांघरणाऱ्याविषयी त्यांच्या मनात आदर होता. आम्ही ह्याला कलाच म्हणू.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. ठिगळ दिसावे की दिसू नये? आपल्या देशात दोन्ही परंपरा आहेत. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगार काश्मिरी शालीतील भोक असे भरतात की, शाल उलटसुलट करूनही ते सापडू नये. रफूगाराचे यश त्याच्या अदृश्यतेत असते. ज्याला उद्या त्या शालीनिशी चारचौघांत बसायचे आहे, त्याचा मान तो राखतो. ही मोठी सेवा आहे. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राने गाडगेबाबांसारखा संत पाहिला. चिंध्यांचे वस्त्र ते अंगावर उघडपणे वागवीत आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 च्या आपल्या नियमावलीत बंधूंना जाडेभरडे वस्त्र वापरण्याची आणि त्याला गोणपाटाची ठिगळे लावण्याची मुभा दिली. ही ठिगळे देवाच्या आशीर्वादाने लावावीत, असेही त्याने म्हटले. त्याचा म्हणून जपलेला झगा असिसीत आहे. त्यावर ठिगळांची दाटी आहे. मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग ह्या वस्त्रतज्ज्ञ विदुषींनी त्याचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की, त्यांतील काही ठिगळांचे कापड संत क्लाराच्या अंगरख्याच्या कापडाशी जुळते. म्हणजे एकीने स्वतःचे पांघरूण कापून दुसऱ्याचे भोक बुजविले! येथे ठिगळ झाकले असते तर आपण काय गमावले असते, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

तेव्हा दिसणे वा न दिसणे हा निकष नव्हे. ठिगळ कोणासाठी, हा निकष आहे. नेसणाऱ्याची लाज राखायची असेल तेथे रफू श्रेष्ठ. नेसणाऱ्याला जेथे लाज वाटण्याचे कारणच नाही, तेथे ठिगळ उघड असावे.

ह्याच कसोटीवर खोटे ठिगळही उतरवता येते. यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोक मुद्दाम झिजलेली वस्त्रे आणि ठिगळांची पायताणे घालून येतात, दूर देशाहून आल्याचे सोंग करतात आणि यहोशवा फसतो. आज बाजारात गुडघ्यावर फाडलेल्या विजारी धड विजारींहून महाग मिळतात. त्या घालणाऱ्या तरुणांना आम्ही रागावणार नाही. पण त्या फाटण्यामागे श्रम नाहीत, आणि सांधण्यामागे कोणी नाही. ते गिबोनी ठिगळ आहे, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. फादर, तुमचा झगा धड आहे. दुसऱ्याच्या ठिगळाचे कौतुक तुम्हांला सोपे! आक्षेप आम्हांला मान्य आहे. गोधडीच्या टाक्यांत पुष्कळशी सक्ती होती. दिवसभर वाडीत राबून रात्री चिमणीच्या उजेडात डोळे फोडणाऱ्या आईला निवडीचे स्वातंत्र्य नव्हते, आणि घरातल्या पुरुषाने सुई कधी हाती धरली नाही. दारिद्र्याला सुंदर म्हणणे हे पाप आहे. पण आम्ही ज्याला सुंदर म्हणतो ते दारिद्र्य नव्हे. दारिद्र्यातही दुसऱ्याची थंडी जिला दिसली, ती दृष्टी आहे. ती केवळ बायकांचीच असावी असेही नाही. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरीत होता, हे पुरुषमंडळींनी विसरू नये.

आज आपल्या घरांत सक्ती उरलेली नाही; कपाटे भरली आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात, वस्तू चटकन फेकून न देता पुन्हा वापरणे ही प्रेमाची आणि स्वतःचा मान राखणारी कृती ठरू शकते, असे सुचविले. परंतु गोरगरिबांसाठी म्हणून आमच्या दारी जे कपडे येतात, त्यांत गुंड्या तुटलेले सदरे असतात, शिवण उसवलेले झगे असतात. देणाऱ्याने एक गुंडी लावली असती तर ते दान झाले असते. न लावल्यामुळे ती निव्वळ अडगळ होते, आणि घेणाऱ्याला ते उमजते. टबीथाच्या विधवांनी असले कपडे पेत्राला दाखविले असते काय?

म्हणून आमच्या हल्लीच्या धर्मग्रामात महिन्यातील एका रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर, आम्ही सभागृहात चार सुया, दोऱ्याची रिळे आणि गुंड्यांचा डबा ठेवू लागलो आहोत. आलेले कपडे तेथे बसून नीट करायचे, मगच पुढे द्यायचे. पहिल्या वेळी तिघी आल्या. आता काही मुलगेही येतात. आमचा स्वतःचा टाका अजून वाकडाच पडतो आणि वयस्क भगिनी तो निःसंकोच उसवतात.

मावशी आता हयात नाहीत. त्यांनी विचारले तेव्हा ठिगळ दिसत होते. वेदीजवळ उभे राहिले की ते स्पष्ट दिसे: थोडे पिवळसर, चौकोनी, बारीक टाक्यांचे. आम्ही रोज त्यावर चषक ठेवीत होतो. 'दिसत नव्हतं' असे म्हणून आम्ही त्यांच्या कामाला दोष मानले आणि तो दोष माफ केला. त्यांना माफी नको होती. 'दिसत होतं मावशी, आणि चांगलं झालं होतं', एवढेच त्यांना ऐकायचे होते.