मधुमती परत आली कुठं?

'मधुमती' मी रातपाळीच्या सुट्टीत, तीन रात्री मिळून पाहिला. बायको त्याच गिरणीत दिवसपाळीला. भोंगा झाला की गेटवर भेट, तेवढीच. म्हंजे वेळेनं ताटातूट झालेल्या प्रेमाचं मला नवल न्हाई.

सिनेमा १९५८ चा. दिग्दर्शन बिमल रॉय, कथा ऋत्विक घटक, संगीत सलील चौधरी, गाणी शैलेंद्र. घटक, सलील इप्टातले. शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात राबलेला. म्हणून अपेक्षा ठेवून बसलो.

वादळी रात्री इंजिनिअर देवेंद्र पडक्या हवेलीत शिरतो. त्याला मागचा जन्म आठवतो. तो आनंद, जमीनदाराच्या लाकूडधंद्याचा मॅनेजर. ती मधुमती, डोंगरातली आदिवासी पोर. राजा उग्रनारायण तिला फसवून हवेलीत आणतो. त्याच्या तावडीतून सुटताना ती गच्चीवरून पडून मरते.

याला लोक काळानं तोडलेलं प्रेम म्हणतात. साफ खोटं. तोडलं उग्रनारायणनं. काळावर ढकललं की जमीनदार सुटला!

एक जागा मात्र सिनेमानं खरी पकडलीय. मधुमतीसारख्याच दिसणाऱ्या माधवीला पुढं करून राजाकडून कबुली घ्यायचं ठरतं. कबुली मिळते, पोलीस त्याला धरतात. मग कळतं, समोर उभी होती ती माधवी न्हवतीच. मेलेली मधुमती होती. जित्या आदिवासी बाईची साक्ष कोण लिहून घेणार? ती भूत झाली तेव्हा घेतली. इथं माझ्या अंगावर काटा आला.

आणि पुढं कच खाल्ली. आनंद तिच्यामागं जातो, त्याच गच्चीवरून पडतो. पुढच्या जन्मी ती राधा. इंजिनिअरची बायको, सोबत मूल, आगगाडीनं येणारी. प्रेम परत मिळालं. पण डोंगर? बाप? आदिवासी मधुमती कुठाय? तिला न्याय म्हणून दिला तो दुसऱ्याच घरचा जन्म.

बाबासाहेबांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ १९५७ ला, म्हंजे आदल्याच वर्षी आला. गरिबाचे हाल मागच्या जन्मावर ढकलले की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे, हे त्यांनी त्यात दाखवलं. सिनेमानं तोच हिशेब उलटा मांडला. इथलं दुःख पुढच्या जन्माच्या खात्यावर!

बायकोनं आणि मी एका पाळीसाठी अर्ज दिलाय. पुढच्या जन्मासाठी न्हाई. पुढच्या महिन्यापासून.