हरकत, सूचना आणि रहिवासी : वऱ्हाडातील नगररचनेचा विचार

कायद्याची भाषा ही केवळ कारभाराची भाषा नव्हे. नागरिकाविषयी राज्याची कल्पना काय आहे, हेही तिच्यातून व्यक्त होत असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या दृष्टीने वाचला असता ‘हरकती व सूचना’ हा शब्दसमूह विशेष लक्ष वेधून घेतो. विकास योजना करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हा कलम २३ अन्वये लोकांचे म्हणणे मागविले जाते. परंतु त्या वेळी लोकांपुढे असते ती योजनाक्षेत्राची हद्द, योजना नव्हे. पुढे प्रारूप योजना तयार झाली की कलम २६ अन्वये ती प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात, आणि कलम २८ खालील नियोजन समिती त्यांची सुनावणी करते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. अंतिम मंजुरी शासनाची. रहिवाशाला कोणी विचारीतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला कोणत्या क्षणी व कोणत्या नात्याने विचारले जाते, हा खरा प्रश्न होय.

हरकत घ्यावयाची तर आपले काय बिघडते ते दाखवावे लागते. ज्याच्या शेतावर शाळेचे किंवा बगीच्याचे आरक्षण पडले, त्याला आपला भूमापन क्रमांक नकाशावर सापडतो व त्याची हरकत आपोआप आकार घेते. भाडेकरूला, हातगाडीवाल्याला, नझुलाच्या जागेवर दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला कायद्याने मज्जाव केलेला नाही. परंतु त्यांना नकाशात स्वतःचे असे काही सापडत नाही. वऱ्हाडात शहर प्रत्यक्षात वाढते ते ले-आउटांच्या रूपाने. शेताचे भूखंड पडतात, घरे उभी राहतात, आणि रस्ता व नाली मागाहून येतात. पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, मुले शाळेला कोणत्या वाटेने जातात, हे तेथील रहिवासी अचूक जाणतो. हे ज्ञान ‘हरकत’ नव्हे. आणि नकाशा पुरा झाल्यावर ‘सूचना’ म्हणूनही त्याला फारसे मोल उरत नाही.

हद्दीचा प्रश्न तर या दोन्ही शहरांत जुनाच आहे. अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ च्या सुमारास पेंढाऱ्यांच्या भयाने बांधावयास घेतला गेला. आत कोण व बाहेर कोण, हे त्या भिंतीने ठरविले. पुढे शहर भिंतीबाहेर पसरले, आणि १९८३ साली महानगरपालिका झाली तेव्हा बडनेराही तिच्यात आले. अकोल्यात २०१६ साली भोवतालची अनेक खेडी महानगरपालिकेत समाविष्ट झाली. या समावेशाचा एक परिणाम सहसा चर्चिला जात नाही. खेड्यातील मतदार हा ग्रामसभेचा घटक असतो. त्या सभेत तो स्वतः बसतो, स्वतः बोलतो. ज्या दिवशी खेडे शहरात जाते त्या दिवशी त्याची ती सभाच नाहीशी होते. ज्या क्षणी त्याच्या जमिनीचे भवितव्य सर्वाधिक पालटावयाचे असते, नेमक्या त्याच क्षणी त्याचे सभेतील आसन जाते.

यावर उपाय योजलेच गेले नाहीत असे नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, आणि अमरावती व अकोला ही दोन्ही शहरे त्या मर्यादेत बसतात. २००९ साली राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. परंतु या संस्थांचा आधार नगरसेवक हाच राहिला. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा तो आधारही सुटला. नगरसेवक गेला म्हणून जी सभा थांबते, ती रहिवाशांची सभा म्हणता येत नाही.

वऱ्हाडातील माणूस सार्वजनिक कामाविषयी उदासीन आहे, अशी समजूत करून घेण्याचे मात्र कारण नाही. आधी गाव झाडावयाचे व मग कीर्तनाला उभे राहावयाचे, ही गाडगेबाबांची रीत याच भूमीतील आहे. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे हजारो नागरिक मोर्णेतील जलकुंभी काढण्यासाठी नदीवर उतरले. तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. श्रमदानात लोकांचे हात मागितले जातात. नियोजनात त्यांचा निर्णय मागावा लागतो. नदी उपसणाऱ्याला नदीकाठी काय असावे हे विचारले जात नसेल, तर त्या सहभागाला सहकार्य म्हणावे, सहनियोजन म्हणू नये. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरी सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या; त्यांत केवळ सल्ला घेणे ही चौथी पायरी होय. आपला कायदा बव्हंशी तेथेच उभा आहे.

दुसरा मार्ग अज्ञात नव्हता. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू करणारे पॅट्रिक गेडिस यांनी त्यापूर्वी होळकरांच्या इंदूरसाठी नगररचनेचा अहवाल सिद्ध केला होता. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. तेथील दिवाळीची मिरवणूक त्यांनी रूढ मार्गाने न नेता, ज्या वस्त्यांनी आपले रस्ते व घरे सर्वांत अधिक स्वच्छ केली त्यांतून नेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आधी वस्तीत पायी हिंडून पाहणी व मग रेषा, हा त्यांचा आग्रह होता. मात्र त्यांचा अहवाल दरबाराला सादर झालेला होता, हेही विसरून चालणार नाही. लोकांना जागविणारा हा विचारवंतही निर्णय दरबाराच्याच हाती ठेवतो.

रहिवाशांची दृष्टी आपल्या गल्लीपुरती असते, जलवाहिनी किंवा वळणरस्ता गल्लीच्या मताने आखता येत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. परंतु त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, तज्ज्ञ व रहिवासी यांनी एकाच टेबलाशी बसले पाहिजे. रहिवाशाने शेवटी यावे, असे त्यातून निघत नाही. प्रत्येक प्रभागाची पाहणी रहिवाशांसह व्हावी, तिचा लेखी वृत्तान्त प्रारूप योजनेस जोडलेला असावा, आणि योजना त्यापासून जेथे ढळते तेथे कारण नमूद व्हावे, एवढे जरी कायद्याने बंधनकारक केले तरी क्रम पालटेल. तोवर अमरावतीचा व अकोल्याचा रहिवासी आपल्याच शहराच्या भवितव्यात हरकतदार म्हणूनच नोंदला जाईल.