सायबर सुरक्षेची पदवी : नाव आणि आशय

बारावीचा निकाल लागला, की तालुक्याच्या गावी शिक्षकांकडे सल्ला विचारणाऱ्यांची रीघ लागते. खुलताबाद त्याला अपवाद नाही. मुलाला संभाजीनगरला ठेवायचे, तर खोलीभाडे, खानावळ आणि शुल्क मिळून चार वर्षांचा खर्च घराला पेलावा लागतो. म्हणून पालक शाखेचे नाव बारकाईने विचारतात. या नावांत अलीकडे 'सायबर सुरक्षा' या नावाची भर पडली आहे. ही शाखा घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शिक्षकाने तिचा आशय तपासला पाहिजे.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा एक विषय आहे. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. मराठी घेऊन बी.ए. करणारी मुलगीही मोबाईलवरून पैसे पाठवतेच. अभियांत्रिकीतील चार वर्षांची स्वतंत्र पदवी ही मात्र निराळी गोष्ट आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने उदयोन्मुख म्हणून निवडलेल्या क्षेत्रांत तिचा समावेश आहे. या लेखातील टीका या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

या विषयाची गरज खरी आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. 11 ऑगस्ट 2018 रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने 28 देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही अडीच कोटींच्या आसपास रक्कम गेली. 13 ऑगस्टला 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींच्या वर होते.

हे घडले कसे? आपण कार्ड यंत्रात घालतो तेव्हा 'पैसे द्यावेत का?' हा प्रश्न एका मधल्या संगणकामार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. चोरांनी या वाटेवर आपला तोतया बसवला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचलाच नाही. तोतयाच 'द्या' असे उत्तर देत राहिला. आता विचार करा, ही चोरी लवकर ओळखायला कोणते ज्ञान लागले असते? संगणकांचे जाळे कसे चालते, हे तर हवेच. पण त्याबरोबर हिशेबनिसाचा जुना नियमही हवा : दोन स्वतंत्र नोंदी सतत जुळवून पाहाव्यात. यंत्रांतून पैसे बाहेर पडत आहेत आणि खात्यांत ती वजावट दिसत नाही, ही विसंगती शोधायला कोणतेही महागडे साधन लागत नाही. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी 11 जणांना दोषी ठरवले.

यावरून पदवीच्या आराखड्यातील पहिला धोका कळतो. सुरक्षा हा पायावर उभा राहणारा विषय आहे. चार वर्षांतील बराच वेळ विशिष्ट साधने हाताळण्यात गेला, तर गणित, संगणकाची रचना आणि कार्यप्रणाली यांना कात्री लागते. साधने मात्र लवकर जुनी होतात. 1977 मध्ये अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेली 'डीईएस' ही कूटपद्धती 1998 मध्ये एका खास यंत्राने 56 तासांत फोडली. 2001 मध्ये तिच्या जागी 'एईएस' आली. 2024 च्या ऑगस्टमध्ये क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा नव्या पद्धतींची प्रमाणके जाहीर झाली. ज्याला बीजगणित येते तो ही नवी पद्धत शिकून घेईल. ज्याला केवळ बटणे ठाऊक आहेत त्याला पुन्हा नवा वर्ग लावावा लागेल.

दुसरा धोका आकर्षणाचा आहे. 'हॅकिंग शिका' या जाहिरातीला सतरा वर्षांचा मुलगा भुलतो. परंतु दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार बेकायदा आहे, आणि तसे अप्रामाणिक हेतूने केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट पहिल्या सत्रातच सांगायला हवी.

तिसरा दोष अधिक खोल आहे. माणूस हा घटक अभ्यासक्रमात परिशिष्टासारखा येतो. खुलताबादच्या मुलांना यासाठी दूर जायला नको; शेजारचा देवगिरी पाहावा. तासलेला कडा, खंदक, तटामागे तट, अंधारी वाट. एक अडथळा ओलांडला तरी पुढे दुसरा उभाच, हे सुरक्षेचे तत्त्व तेथे दगडात दिसते. तरीही 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात, धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी कथा सांगतात. 1633 मध्ये मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने तो मोगलांच्या स्वाधीन केला. दोन्ही वेळा कडा शाबूतच होता. पोती कोणी तपासली, किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, हे प्रश्न आजच्या संगणकालाही लागू आहेत.

या पदवीच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे. प्रशिक्षित माणसांची वाण आहे आणि सर्वसाधारण संगणक अभियांत्रिकीत सुरक्षेला जेमतेम एखादा विषय मिळतो. हे म्हणणे रास्त आहे. पहिली दोन वर्षे संगणकशास्त्राचा पूर्ण पाया घालून मग सुरक्षेकडे वळणारी पदवी असेल, तर तिला विरोध करण्याचे कारण उरत नाही. म्हणून पालक आले, की त्यांना महाविद्यालयाकडून चार उत्तरे आणायला सांगावीत. पहिल्या चार सत्रांत गणिताचे विषय किती? कार्यप्रणाली आणि संगणकजाळे पूर्ण शिकवतात का? प्रयोगासाठी बाहेरच्या जगापासून तोडलेली स्वतंत्र प्रयोगशाळा आहे का? आणि हे विषय शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक किती? उत्तरे टाळली गेली, तर साधी संगणक शाखा घेऊन सुरक्षा पुढे शिकणे अधिक शहाणपणाचे.

आपल्या हाती आणखी एक गोष्ट आहे. आठवीच्या वर्गात 89 आणि 97 यांचा गुणाकार करायला द्या. मिनिटभरात 8633 उत्तर येईल. दुसऱ्या वर्गाला फक्त 8633 द्या आणि तिचे दोन मूळ अवयव शोधायला सांगा. लागलेला वेळ फळ्यावर लिहा. 1977 मध्ये शोधलेली 'आरएसए' ही कूटपद्धती याच विषमतेवर उभी आहे. फरक एवढाच, की तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात. हा प्रयोग ज्याला रात्री घरीही स्वस्थ बसू देणार नाही, तो विद्यार्थी या विषयाचा. पदवीचे नाव मग काहीही असो.