चादरीवरचा मोर कोणाचा?

'संगणक : शाप की वरदान' या निबंधाची जागा आता कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या निबंधाने घेतली आहे. त्यात एक वाक्य हमखास असते : कष्टाची कामे यंत्र करील, सर्जनाची माणसाकडे राहतील. वर्गात आम्हीही ते अनेकदा सांगितले आहे. सोलापुरी चादर हातात घेतली, की मात्र ते डळमळते.

या चादरीवरचा मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, मग चौकटींबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडायची, ही जुनी रीत. मागाच्या माथ्यावर बसवलेल्या जॅकार्डमध्ये साधारणपणे एकेका आडव्या धाग्यासाठी एकेक पुठ्ठा पुढे येतो. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा आकडा उभा धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ-मारी जॅकार्डने हे यंत्र सिद्ध केले आणि मागाच्या दोऱ्या ओढणाऱ्या पोरांचे काम गेले. नक्षी काढणारा मात्र राहिला. शिवाय पुठ्ठे पाडण्याचे नवे काम निघाले. आपले लाडके वाक्य इथपर्यंत खरे आहे.

एडा लवलेसने १८४३ साली बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर टिपणे लिहिली. त्या यंत्राची तिने जॅकार्डच्या मागाशी केलेली तुलना आजही शिकवावी अशी आहे. यंत्राला स्वतःहून काही सुचत नाही, असेही ती तिथेच बजावते. आपले वाक्य म्हणजे या विधानाचे नातवंड! पुठ्ठ्यांपुरते ते अचूक आहे, कारण प्रत्येक भोकामागे कोणाचा तरी निर्णय असतो. चित्रे काढणाऱ्या आजच्या प्रणालीत असा माणूस बोट ठेवून दाखवता येत नाही. असंख्य माणसांच्या चित्रांमधले आकृतिबंध तिने आकड्यांच्या रूपात साठवलेले असतात. 'मोर' म्हटले, की त्यांतून नवा मोर निघतो.

तुटलेला धागा सांधायला, चादरीची घडी घालायला सोलापुरात अजून माणसाचे हात लागतात. मोर मात्र क्षणात मागता येतो. तो विणता येईल असा करायला, म्हणजे रंग मोजके ठेवायला, लांब सुटे धागे टाळायला, जाणकार हवा हे कबूल. पण असे किती जाणकार कारखान्याला पुरतील?

श्रेयाचे दुखणे तर जुनेच. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव जपले ते गावाचे. प्रसिद्ध मयूरपंखी नक्षी पहिल्यांदा चौकटीत कोणी बसवली, हे चादर घेणाऱ्याला कोण सांगतो? यंत्राने कलावंताचे नाव पुसले म्हणावे, तर ते आपण लिहिले तरी कधी होते?

हा निबंध तपासताना यापुढे त्या वाक्याखाली आम्ही लाल रेघ ओढणार आहोत आणि समासात विचारणार आहोत : तुमच्या घरातल्या चादरीची नक्षी कोणी काढली?