हलक्या आवाजाची ताकद

जुन्या तबकड्यांच्या ढिगात कधी कधी असे काही हाती लागते की, आपल्याच लिहिण्या-वाचण्याचा फेरविचार करावा लागतो. वेल्समधील ‘यंग मार्बल जायंट्स’ या चमूची ‘कोलॉसल यूथ’ ही तबकडी आम्हांला तशीच मिळाली. तिकडच्या जाणकारांत तिचा मान मोठा; आपल्याकडे मात्र हे नाव क्वचितच कुणी ऐकले असेल.

कार्डिफचे स्टुअर्ट व फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गायिका ॲलिसन स्टॅटन, एवढीच ही मंडळी. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र कंपनीने १९८० मध्ये त्यांची ही तबकडी काढली. गिटार, बेस, अधूनमधून ऑर्गन आणि ड्रमवादकाऐवजी टेपवर भरून ठेवलेला यंत्राचा ठेका. पंक संगीताच्या गदारोळानंतर आलेल्या या गाण्यांत दोन सुरांमधली शांतताही ऐकू येते. स्टॅटन आर्जवे करीत नाही, रडत नाही. शेजारणीला निरोप सांगावा तशी गाते. उर्दूत जिला सादगी म्हणतात, ती हीच.

त्याच वर्षीचे ‘फायनल डे’ हे गाणे अणुयुद्धाने होणाऱ्या जगाच्या शेवटाविषयी आहे. दोन मिनिटांच्या आत ते संपते. आवाज कुठेही चढत नाही, म्हणूनच धडकी भरते. याउलट त्यांचे ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ हे गाणे ‘होल’ या अमेरिकी चमूने १९९४ मध्ये दणक्यात गायले. त्यातला संताप खरा आहे. पण मुळातला थंड उपरोध त्या आवाजात वाहून जातो.

उणिवाही आहेत. काही गाणी आकार घेण्याआधीच थांबतात. १९८१ ची ‘टेस्टकार्ड’ ही केवळ वाद्यांची छोटी तबकडी तर आम्हांला कच्च्या टिपणांची वही वाटली.

तरीही हा धडा आपल्या कामाचा आहे. दंगलीवर, संशयी नजरांवर लिहिताना आपला आवाज आपोआप चढतो. कविसंमेलनात टाळ्याही पडतात. पण तीच कविता घरी एकट्याने वाचताना किती उरते? मोठ्या दुःखाला मोठेच शब्द लागतात, असे नाही. मर्सियाच्या मजलिशीत सोज वाद्यांविना म्हटला जातो, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आपल्या लेखणीनेही ही मात्रा एकदा घेऊन पाहावी.