कुलूप-किल्लीचा दृष्टान्त आणि ग्राहींची जोडी

संप्रेरकांचे कार्य समजावून देताना ‘कुलूप आणि किल्ली’ हा दृष्टान्त आपल्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ग्राही हे कुलूप, संप्रेरक ही किल्ली आणि जनुक हे उघडणारे दार. एमिल फिशर याने १८९४ मध्ये हा दृष्टान्त विकरांच्या संदर्भात योजला, तेव्हा तो समर्पकच होता. परंतु पेशीकेंद्रात राहून जनुकांचे नियमन करणाऱ्या ग्राहींच्या बाबतीत तो अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा आहे, असे आमचे मत आहे.

या मताच्या पुष्टीसाठी अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकाला दूर जावे लागत नाही. आपल्या कपाशीवरील बोंडअळी ज्या संप्रेरकाच्या आज्ञेने कात टाकते, ते एक्डायसोन १९५४ मध्ये बुटेनान्ट व कार्लसन यांनी ५०० किलो रेशीमकोषांतून अवघे २५ मिलिग्रॅम वेगळे केले. पुढे १९६० मध्ये क्लेव्हर व कार्लसन यांनी ते एका माशीच्या अळीस टोचले असता तिच्या महाकाय गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आले. संप्रेरक थेट जनुकांवर परिणाम घडविते, याचा हा आरंभीचा पुरावा एका कीटकाने दिला, हे विसरता कामा नये.

एक्डायसोनचा ग्राही १९९१ मध्ये फळमाशीत सापडला. पण तो एकटा जवळजवळ निकामी ठरला. ‘अल्ट्रास्पायरॅकल’ नामक दुसऱ्या ग्राहीशी जोडी जमल्यावरच तो संप्रेरकास व डीएनएस घट्ट धरतो, हे पुढील दोन वर्षांत सिद्ध झाले. कुलूपच दोघांचे आहे, हा दृष्टान्तावरील पहिला आक्षेप. दुसरा असा की, संप्रेरक नसतानाही ही जोडी स्वस्थ बसत नाही. ती काही जनुकांना दाबून ठेवते. बंद कुलूप काही करीत नसते. ही जोडी मात्र करते. तिसरा आक्षेप सर्वांत मर्मभेदी आहे. अमेरिकेतील कपाशीवरच्या, आपल्या हिरव्या बोंडअळीच्या नात्यातील एका पतंगाच्या या जोडीची रचना २००३ मध्ये उलगडली. दोन भिन्न रेणू बसविले असता ग्राहीच्या खोबणीचा आकारच निराळा झालेला दिसला. किल्लीप्रमाणे आकार बदलणाऱ्यास कुलूप कसे म्हणावे?

मानवी देहातही हाच प्रकार आहे. अल्ट्रास्पायरॅकलचा सगोत्र असा रेटिनॉइड-एक्स ग्राही ड-जीवनसत्त्व, थायरॉइड संप्रेरक व रेटिनोइक आम्ल यांच्या ग्राहींशी जोड्या जमवितो. आणि डीएनएवरील दोन अर्ध्या खुणांमध्ये अनुक्रमे ३, ४ वा ५ अक्षरांचे अंतर असेल, त्यावरून कोणती जोडी तेथे बसेल हे बहुतांशी ठरते. इस्ट्रोजेनसारख्या स्टेरॉइडांचे ग्राही आपल्यासारख्याशीच जोडी करतात, त्यामुळे तेथे जुना दृष्टान्त चालून गेल्यासारखा वाटतो. परंतु जोडी तेथेही सुटत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर तो मांडण्याचे प्रयोजन नव्हते. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचा नाश केला आणि त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सिफेनोझाइड ही द्रव्ये पतंगवर्गीय अळ्यांच्या एक्डायसोन-ग्राहीवर बसून त्यांस अकाली, अपुरी कात टाकावयास लावतात. मानवात हा ग्राही नाही. त्याच्या जोडीदाराचा सगोत्र मात्र आहे. म्हणजे असे द्रव्य जोडीतील कोणत्या घटकास धरते, यावर त्याची निवडकता अवलंबून आहे. ‘एक कुलूप’ शिकलेल्या विद्यार्थ्यास हा प्रश्न सुचणारच नाही.

अर्थात रेणूचे ज्ञान शेताचे ज्ञान नव्हे. ही द्रव्ये मुख्यत्वे पोटात गेल्यावर काम करतात, आणि गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच बोंडात शिरते. तेथे फवारा पोहोचणे कठीण. तथापि ही मर्यादा ओळखण्यासाठीही यंत्रणा नीट कळावी लागते. म्हणून आमची सूचना एवढीच की, कुलूप-किल्लीचा दृष्टान्त विकरांच्या प्रकरणात राहू द्यावा आणि केंद्रकीय ग्राहींचे प्रकरण जोडीपासूनच सुरू करावे. वऱ्हाडातील विद्यार्थ्यास त्यासाठी उसना दृष्टान्त नको. एकच बैल निरनिराळ्या जोडीदारांबरोबर जुंपला की औताची चाल पालटते, हे त्याने पाहिलेले असते.