भिंतीवरची घोषणा आणि फलकावरचा आकडा : हिवरे बाजारच्या संदर्भात

भित्तिलेखन व निषेधफलक यांचा विचार प्रायः महानगरी वस्तीच्या संदर्भात केला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळच्या गिरणगावात भिंतीवरील घोषणा हे चळवळीचे स्वस्त व हुकमी साधन होते. अशा घोषणेत बोलणारा सत्तेबाहेरचा असतो आणि मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा १९९५ चा कायदा तिला अपराध ठरवू शकतो. या जोखमीतच तिचे राजकीय मूल्य सामावलेले आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे हे नाते उलटे झालेले दिसते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान ही पंचसूत्री अंगीकारली. येथील जाहीर शब्द निषेधाचा नसून निर्णयाचा आहे. बोलणारी ग्रामसभा हीच सत्ता आहे.

या जाहीर शब्दाची दोन रूपे वेगळी करणे आवश्यक ठरते. 'बंदी'ने संपणारे सूत्र आज्ञार्थी असते. ते पाळायचे असते, त्याच्याशी वाद घालायचा नसतो. पाण्याच्या ताळेबंदाचे तसे नाही. पाऊस किती पडला, पाणी किती उरले, माणसांना, जनावरांना व शेतीला किती द्यायचे, हे गावापुढे मांडले जाते व त्यानुसार पिके ठरतात. ऊस-केळीसारखी पिके आणि सिंचनासाठी कूपनलिका यांवरील निर्बंधांनाही याच हिशेबाचा आधार आहे. आकडा पडताळता येतो, म्हणूनच त्यावर आक्षेप घेता येतो.

तथापि, आक्षेप घेणाऱ्याची स्थितीही लक्षात घ्यावी लागते. चराईबंदीत गवत कापून नेण्याची मुभा असली, तरी शेळ्यांवर गुजराण करणाऱ्या भूमिहीनाला ती जमीनधारकाइतकी सोयीची नसते. त्याला आपले म्हणणे ग्रामसभेत, सर्वांदेखत, उभे राहूनच मांडावे लागते. गिरणगावातील निनावी घोषणेवर हे दडपण नव्हते. मात्र तिच्यापाशी हिशेबही नव्हता.

हिवरे बाजारचे खरे वैशिष्ट्य सूत्रांत नसून या हिशेबाच्या जाहीरपणात आहे. अनुकरण करू पाहणाऱ्या गावाने भिंतीवर केवळ सूत्रे रंगवली आणि ताळेबंद मांडला नाही, तर त्याच्या हाती आज्ञा तेवढी उरेल, ग्रामस्वराज्य नव्हे.